नारळाला टेकलेली माळ

पाठीमागे त्याला सगळे ‘घटउठव्या’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण भाद्रपद सरत आला की प्रत्येक घराला त्याची गरज पडे. आश्रुबा हाडापेराने मोठा माणूस होता. सतत वर बघून बघून त्याची मान मागे जराशी कललेली राहिली होती. त्यामुळे अनोळखी माणसाला तो ताठ्यात आहे असे वाटे. हातात काठी घेऊन तो आळीतून निघे, एकेका दाराशी थांबे आणि म्हणे, “माळवद बघून घिऊ का? घट बसायच्या आत बघितल्यालं बरं.”

नेकनूरच्या बाजूचे आमचे गाव. निजामी अमलातल्या त्या काळात घरे जवळजवळ सगळी धाब्याची होती. मातीच्या जाड भिंती, भिंतीत दोन्ही टोके रोवलेली लाकडाची तुळई, तुळईवर आडव्या कड्या, त्यांवर बारीक फांद्या आणि तरवडाचा पाला, आणि सर्वांत वर पांढरी माती. हेच माळवद. पावसाच्या तोंडावर दरवर्षी पडक्या गढीची पांढरी माती टोपल्यांनी वर चढवायची आणि चोपून बसवायची, अशी रीत होती. जुनी माती खाली उतरवण्याची मात्र रीत नव्हती. आजोबांनी घातलेल्या मातीवर बापाची माती आणि त्यावर मुलाची. पावसाळाभर ती पाणी पीत राही. पाऊस उघडला की तिच्यावर बाजरीची कणसे वाळत पडत, मिरच्या पडत, माणसे उन्हाला जाऊन बसत. हे सगळे ओझे एका लाकडावर असे, आणि त्या लाकडाचे टोक भिंतीच्या आत कोणत्या अवस्थेत आहे हे कुणालाच दिसत नसे.

आश्रुबा आधी दार लावून बघे. उन्हाळ्यात सहज लागणारे दार आता वर घासते का, हे तो घरच्या बाईला विचारी. मग जमिनीवर हात फिरवून पोखरल्या लाकडाचा भुसा लागतो का पाही. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे काठीने ठोकी आणि कान देऊन उभा राही. निघताना एक सांगणे ठरलेले असे.

“माळ तुळईलाच बांधा. नारळाच्या वर एक वीत ठिवा. अन् माळ खाली उतरली तर हात जोडायच्या आधी भाईर निघा.”

बायांना हे आवडत नसे. “देवीचं नाव घ्यायच्या टायमाला हा मेला पळायला सांगतो,” असे त्या म्हणत. पण वीतभर अंतर ठेवीत.

नवरात्रात आमच्याकडे शेतातली माती पत्रावळीवर पसरून तिच्यात धान्य पेरतात. त्यावर पाण्याचा घट, घटावर पाने आणि नारळ. शेजारी दिवा असतो आणि तो दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही. घटावर वरून दोऱ्याने रोज एक माळ सोडायची. घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत जागचा हलत नाही. घर झाडायचे तेही त्याला वळसा घालून. घरावर कुदळ चालवण्याचा तर प्रश्नच नाही. हे नियम सगळ्यांना इतके माहीत होते की कुणी ते बोलूनही दाखवत नसे.

मानमोडीच्या साथीने गाव ओस पाडले, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्या साली पाऊस संपायलाच तयार नव्हता. कपिलधारेचा धबधबा दसऱ्यापर्यंत पावसाळ्यासारखा गर्जत होता. आश्रुबाच्या घरी घट बसला. त्याची बायको रुक्मिणीबाई मोठ्या आवाजाची, हसरी बाई. तिच्या बोलण्याने आळी जागी होई. तिसऱ्या माळेच्या दिवशी आश्रुबा वर बघत उभा होता.

“आवो, वर काय बघताय? देवी खाली हाय.”

“तुळईला चीर पडल्यावानी दिसती.”

“मी लगीन हून आले तवापासून हाय ती. सासूबाई म्हनायच्या, आमच्या आश्रुबाच्या कपाळावर बी आशीच हाय.”

तो हसला. तरी संध्याकाळी बाभळीचे एक सरळ खोड तोडून त्याने आणले. तुळईला खालून टेकू द्यायचा त्याचा विचार होता. पण चिरेच्या बरोबर खाली घट बसलेला. खोड उभे करायचे तर घट हातभर सरकवावा लागत होता.

“दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुमचं लाकूड घेऊन या,” रुक्मिणीबाई म्हणाली. “तवर देवी धरती की माळवद. तुमच्यापेक्षा बळ हाय तिच्यात.”

खोड अंगणात भिंतीला टेकून उभे राहिले.

हस्ताचा पाऊस दोन दिवस एकसारखा लागला. पाचव्या माळेला सकाळी रुक्मिणीबाई दिव्यात तेल घालायला आत गेली आणि तिथूनच ओरडली. आश्रुबा धावत आत गेला. पहिल्या दिवशी नारळाच्या वर वीतभर असलेली माळ नारळाला टेकली होती. कुणी हात लावला नव्हता, दोरा सैल झाला नव्हता. रुक्मिणीबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. माळ आपल्या आपण खाली उतरून देवीला भेटली, म्हणजे देवी पावली.

आळीतल्या बाया ओटी भरायला आल्या. आश्रुबानेही दंडवत घातले. माळ खाली आली नव्हती, माळ बांधली होती ती तुळई खाली आली होती, हे त्या खोलीत एकाही माणसाच्या मनात आले नाही. ज्याने दोन दिवसांपूर्वी चीर पाहिली होती त्याच्याही नाही.

सातव्या माळेला पाऊस उघडला आणि कडक ऊन पडले. दुपारी आश्रुबा रानात होता. मुलगी चतुरा, तेव्हा अकरा वर्षांची, आडावर पाण्याला गेली होती. रुक्मिणीबाई एकटी दिव्याजवळ बसली होती. आवाज फारसा झालाच नाही, असे शेजारची भिवराबाई सांगे. कुणीतरी धान्याचे पोते खाली टाकावे तसा, आणि मग दारातून धूळ आली.

गावाने हातांनी माती उपसली. दिव्याची पणती शाबूत निघाली. रुक्मिणीबाई तिच्याजवळच सापडली. तेलाची वाटी हातात होती. तुळई मधून मोडलीच नव्हती. तिचे भिंतीतले टोक वाळवीने आतून खाल्ले होते आणि वर नुसते साल उरले होते. आश्रुबाने ते टोक हातात घेऊन दाबले तर पापडासारखे चुरले.

त्यानंतर वर्षभर तो कुणाशी धड बोलला नाही. मानमोडीत गावातली निम्मी घरे रडत होती, तेव्हा त्याचे दुःख वेगळे ओळखूही येईना. त्याने घर पुन्हा बांधले. माती थोडी घातली आणि दरवर्षी जुनी खरवडून नवी घालू लागला. लोक म्हणाले, हा घराची बरकत खाली फेकतो. मग तो दुसऱ्यांच्या दारांत उभा राहू लागला.

चतुरासाठी वडवणीकडचे स्थळ आले. सुंदरराव त्या गावातला वजनदार माणूस होता. जमीन काळी, दोन विहिरी, आणि सरकारी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्याच ओसरीवर टेकायचा. पोरगा राधाकिशन शांत होता. स्थळ बघायला गेलेली मंडळी विहीर बघत होती, बैल बघत होती. आश्रुबा मधल्या खोलीत मान वर करून उभा.

सुंदरराव म्हणाला, “पावणं, पोरगा खाली बसलाय.”

सगळे हसले. आश्रुबाही हसला आणि तुळईला काठीने ठोकत गेला. सागाची तुळई, तेलपाणी केलेली, आवाज भरीव. शेवटच्या कोपऱ्यात धान्याची मोठी कणगी उभी होती. तिच्यामागे काठी पोचेना. सोयरिकीच्या घरी पहिल्याच भेटीत कणगी हलवा म्हणणे बरे दिसले नाही. लग्न ठरले.

चतुराला सासरी जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या नवरात्रातही हस्त जोरात लागला. सहाव्या माळेला सकाळी बद्रीनाथ कासार गावात आला. तो गावोगाव बांगड्या भरत फिरे आणि लेकींच्या खबरा माहेरी पोचवी.

“आश्रुबा, तोंड गोड करा आधी. चतुराकडून आलोय.”

“काय म्हनती पोरगी?”

“पोरीचं नशीब उघडलं. सुंदररावाच्या घरी देवी पावली. परवा माळ आपसूक नारळाला टेकली. सारं गाव वटी भरायला लोटलंय. सासू म्हनती, ह्या सुनेचाच पायगुन. म्हनून दिव्याजवळ तिलाच बसवलंय, उपास धरून. दसऱ्यापोतर उठायचं न्हाई म्हनली.”

आश्रुबा उठला आणि चालू लागला.

“आवो, कुठं निघाले? पागोटं तरी घ्या!” बद्रीनाथ ओरडला. आश्रुबा तोवर वेशीबाहेर पडला होता.

चिखलातून दिवसभर चालून त्याने वडवणीच्या अलीकडे एका मळ्यात पाठ टेकली आणि सकाळी सुंदररावाच्या दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल आणि डोके उघडे. व्याह्याच्या दारात उघड्या डोक्याने माणूस येतो तो मयताची खबर घेऊनच. विहीण छबुबाई हातातले ताट घेऊन जागच्या जागी थबकली.

“अगं बाई! कोन गेलं?”

“कुनी न्हाई गेलं, इहीनबाई. घट हलवा.”

“काय?”

“देवी वसरीवर घ्या. खोलीतून समद्यांनी भाईर या. तुळई बसायलीय.”

तो आत गेला. खोलीत पाचसहा बाया होत्या. चतुरा दिव्याजवळ बसली होती, उपासाने तोंड उतरलेले. बापाला बघून ती उठायला गेली, पण दिव्याजवळून उठायचे नाही म्हणून पुन्हा बसली. आश्रुबाने वर पाहिले. माळ नारळाला टेकून आता वाकली होती. तुळईच्या मध्ये काही नव्हते, चीरही नव्हती. कोपऱ्यातल्या कणगीमागे भिंत ओलीने काळी पडली होती आणि तिच्यावरून मातीची एक बारीक वाट तुळईपर्यंत चढत गेली होती. ती वाळवीची वाट होती.

सुंदरराव मागून आला. “पावणं, ह्यो काय तमाशा?”

“त्या कनगीमागं बघा. टोक खाल्लंय. मी हात जोडतो, पोरीला तरी उठवा.”

“सागाची तुळई हाय. माझ्या बापानं नागपूरकडून आनली.”

“वाळवी बापाचं नाव इचारत न्हाई, राव.”

बायांतली एक पदरात हसली आणि तेच वाईट झाले. सुंदररावाचा चेहरा बदलला.

“तुमच्या घरी देवी कोपली, बाई गेली. त्याचं वाईट वाटतं. म्हनून काय ज्याच्या घरी पावली त्याच्या घरची उठवायला आले? जळतंय का पोटात?”

“माझ्या घरी बी अशीच पावली हुती,” आश्रुबा म्हणाला. “माळ अशीच टेकली हुती. मी बी दंडवत घातलं.”

छबुबाईने कानांवर हात ठेवले. “अभद्र बोलू नका देवीम्होरं! दसऱ्याला तीन दिस ऱ्हायलेत. तवर देवीचा जिम्मा. मग बघू तुमची तुळई.”

“मग चतुराला उठवा. मी बसतो दिव्याजवळ.”

“बायकांच्या जागी पुरुष? उघड्या डोक्याचा?”

“चतुरा, ऊठ,” आश्रुबा म्हणाला.

चतुराने सासूकडे पाहिले, मग बापाकडे, आणि मान खाली घातली. आईच्या अंगावरची माती लोकांनी उपसताना तिने पाहिले होते. पण सासूने बसवलेल्या जागेवरून सून उठत नाही. ती उठली नाही.

तेव्हा आश्रुबा खाली वाकला. पत्रावळीखाली दोन्ही हात घालून त्याने घट मातीसकट उचलला. माळेचा दोरा तुटला. घटातले पाणी हिंदकळून दिव्यावर सांडले आणि दिवा विझला. कोवळे पिवळे धान्य त्याच्या छातीवर मोडत होते. तसाच तो बाहेर आला आणि घट ओसरीवर ठेवून त्याच्यासमोर आडवा झाला. खोलीतल्या बाया किंचाळत बाहेर पडल्या. आता आत राखायला काही उरले नाही म्हणून चतुराही बाहेर आली.

सुंदररावाने त्याला मारले नाही. तो फक्त म्हणाला, “ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय न्हाई. अन् लेकीला मूळ धाडायचं न्हाई. दिवाळीला न्हाई, बाळंतपनाला न्हाई. तिला म्हायेर ऱ्हायलं न्हाई, आसं समजा.”

“मंजूर,” आश्रुबा म्हणाला. “खोलीत कुनी जाऊ नका.”

उठलेला घट पुन्हा त्या जागी बसत नाही. शुद्ध होईपर्यंत ती खोलीही वापरायची नसते. म्हणून खोलीला कडी लागली आणि आत कुणी गेले नाही. आश्रुबाला नेमके हेच हवे होते. त्या घरात हे फक्त चतुराच्या ध्यानात आले, आणि ते बोलण्याची तिची सोय नव्हती.

माळवद पडले नाही. दसरा झाला, ऊन पडले, माळवद उभेच होते. बातमी आमच्या गावापर्यंत आली आणि आश्रुबाला नवे नाव मिळाले. देवळात त्याला पाहून बाया बाजूला सरकत. चावडीवर कुणी म्हणे, “का बे आश्रुबा, पडलं का सुंदररावाचं माळवद?” तो म्हणे, “न्हाई पडलं. बरं झालं.”

कार्तिकात बद्रीनाथ पुन्हा आला. बांगड्यांच्या पेटीतले गवत उपसून त्याने तळातून एक लाकडाचा तुकडा काढला. बाहेरून सागाचा, तेलपाणी केलेला. आतून नळीसारखा पोकळ, मातीने भरलेला.

दसऱ्यानंतर सुंदररावाने सुतार बोलावला होता. उठवलेल्या देवीवरची तुळई घरात नको, असे कारण सांगून त्याने सगळी माती उतरवली आणि तुळई बदलली. भिंतीतून टोक ओढले तसे ते तिथेच तुटले. सुताराने काय पाहिले आणि सुंदररावाने काय पाहिले, हे दोघांनीही कुणाला सांगितले नाही. लाकूड फोडून दिवाळीच्या आंघोळीच्या पाण्याला लावले. चुलाण्यापुढे चतुरा बसली होती. जाळात घालताना तिने एक तुकडा मागे ठेवला.

“ह्यो चावडीवर नेऊन ठिवा,” बद्रीनाथ म्हणाला. “समद्या गावाची तोंडं बंद हुतील. मी सांगतो, माझ्या हातानं आनलाय.”

आश्रुबा तो तुकडा अंगठ्याने दाबत होता. कड चुरत होती.

“अन् सुंदररावाला कळल्यावर? त्याच्या घरातलं लाकूड भाईर कुनी काढलं म्हनून कुनाला इचारतील?”

बद्रीनाथ गवत पुन्हा पेटीत भरू लागला.

“पोरगी कशी हाय?”

“बरी हाय. त्याच खोलीत निजती. नवी तुळई लई जाड हाय.”

“मग झालं.”

तुकडा कोनाड्यात गेला. आश्रुबा पुन्हा दारोदार माळवदे बघत फिरू लागला. चतुराला मुलगा झाला, त्याची खबर बद्रीनाथनेच आणली. बारशाचे कुंची-टोपडे आश्रुबाने पाठवले, ते दारातूनच परत आले. वडवणीच्या बाजाराला तो दोनचार वेळा गेला, पण सुंदररावाच्या घरच्या बाया बाजाराला येत नसत. पुढे त्याने तेही सोडले.

अशी बारा-चौदा वर्षे गेली. एका पौषात त्याने अंथरूण धरले. थंडी कडक होती. बद्रीनाथ आता थकला होता, तरी भेटायला आला. अंथरुणाशेजारी शेगडी पेटलेली होती.

“त्या कोनाड्यातला तुकडा दे,” आश्रुबा म्हणाला.

बद्रीनाथला वाटले, आता तरी हा गावाला बोलावणार. त्याने तुकडा हातात दिला. आश्रुबाने तो एकदा कानाशी नेऊन बोटाने वाजवला, हयातभराच्या सवयीने, आणि शेगडीत टाकला.

“आरं! ह्ये कावून?”

“मी गेल्यावर कोनाडा कुनीबी झाडंल. चतुराची सासू जिती हाय अजून.”

पोकळ लाकूड ते, फुंकर मारावी लागली नाही.

मयताच्या विधीसाठी मात्र सुंदररावाने सुनेला पाठवले. लोक काय म्हणतील म्हणून पाठवले. चतुरा आली तेव्हा अंगणात गावच्या बाया बसल्या होत्या. भिवराबाई तिला कवटाळून रडली आणि म्हणाली, “बाप लई चांगला हुता गं तुझा. समद्यांची माळवदं राखली. पर देवी उठवली, त्येचं काय करायचं?”

चतुरा तिच्या मिठीतून सुटून आत गेली. बद्रीनाथकडून कळलेल्या कोनाड्यात तिने हात घातला. हाताला नुसती धूळ लागली. दारात उभ्या असलेल्या बद्रीनाथने शेगडीकडे बोट दाखवले.

ती शेगडीजवळ बसून राहिली. बाहेर दीर गाडी जुंपून उभा होता. दिवस मावळायच्या आत निघा, असे सासऱ्याने बजावून पाठवले होते. थोड्या वेळाने ती उठली, वर तुळईकडे एकदा पाहिले, आणि गाडीत जाऊन बसली.